आठव्या प्रश्नाचं उत्तर

डीलिया किलकॉइन आमच्या जिल्हा रुग्णालयात परत कामाला लागली, तेव्हा तिला पगाराच्या पहिल्या पायरीवर उभं केलं ते मी. नियम डब्लिनच्या सरकारचा होता, शिक्का रुग्णालयाचा होता, पण हात माझा होता. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. गावात मला अजून सज्जन म्हणतात आणि ते ऐकलं की माझी कानशिलं तापतात.

मी पगार विभागात कारकून. नर्सच्या पगाराला तेरा पायऱ्या. एक वर्ष नोकरी झाली की एक पायरी वर, एवढा सरळ हिशेब. डीलिया पूर्वी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात दहा वर्षं होती आणि अकराव्या पायरीवर असताना तिने काम सोडलं. चौथं मूल दम्याचं निघालं, त्यातच सासूच्या खुब्याचं हाड मोडलं. नवरा मार्टिन दुधाचा टँकर चालवायचा, म्हणजे पहाटेच घराबाहेर. घरी कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कोणीतरी कोण, हे ठरवायला आमच्याकडे बैठक घ्यावी लागत नाही.

आठ वर्षं ती घरी होती. म्हणजे कागदावर घरी होती. प्रत्यक्षात तिची लाल गाडी, जिचं मागचं दार दोरीने बांधलेलं असायचं, ती तुम्हाला कुठल्याही बोळात कुणाच्याही दारात उभी दिसली असती. गावाला एक सरकारी नर्स होती, पण तिच्याकडे अर्धा जिल्हा. ती यायची मंगळवारी, आणि माणसं काय मंगळवार बघून आजारी पडतात? मग डीलियाला फोन. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा होता. त्यात उकळलेली कात्री, चिमटा, पट्ट्या आणि एक साबणाची वडी. डबा काखेत मारून ती आत शिरायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "किटली ठेवली आहे ना?" गरम पाणी कामाला लागायचं आणि उरलेल्याचा चहा व्हायचा.

पैशाचं नाव काढलं की बिनसायचं. म्हाताऱ्या मिसेस गॉननी एकदा तिच्या खिशात नोट कोंबली, तर पुढच्या रविवारी चर्चच्या पेटीत ती नोट गॉनबाईंच्या नावाच्या पाकिटात पडली आणि पाद्रीबाबांनी गॉनबाईंचं नाव घेऊन आभार मानले. बाई आठवडाभर तोंड लपवून होत्या. तेव्हापासून लोकांनी वेगळा रस्ता काढला. डीलिया आत रोग्याजवळ असली की बाहेर तिच्या गाडीत काहीतरी ठेवून द्यायचं. गाडीला कुलूप नसायचंच. अंडी, कोबी, जाळायला पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, गोणी. एकदा कुणीतरी जिवंत बदक ठेवलं आणि ते घरी पोचेपर्यंत पुढच्या सीटवर येऊन बसलं होतं. कुणी ठेवलं हे ती विचारायची नाही आणि ठेवणारा सांगायचा नाही. हातात दिलेलं ती घेत नसे, गाडीत सापडलेलं परत करायला माणूसच नसे.

आणि या सगळ्याबद्दल कुणी अवाक्षर बोलत नसे, तीही नाही. आपण केलेलं चांगलं काम आपल्याच तोंडाने सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे दारूच्या गुत्त्यातसुद्धा कुणी शेजारी बसवून घेत नाही.

आता माझ्या आईचं. तिला आतड्याचा कॅन्सर झाला. सतरा महिने ती घरात पडून होती. एक भाऊ बोस्टनला, एक कॉव्हेंट्रीला, घरात मी एकटा, बिनलग्नाचा, चौतीस वर्षांचा घोडा. पहिल्याच आठवड्यात आईच्या पोटावरची मळाची पिशवी बदलायची वेळ आली. मी दोन पावलं पुढे गेलो, वास आला, आणि मागच्या दाराने गोठ्यात जाऊन ओकलो. गोठ्याच्या वासाने मला कधी काही झालं नव्हतं, हे विशेष. अर्ध्या तासात लाल गाडी दारात.

"फिंटन, तू गाईकडे बघ," डीलिया म्हणाली. "इथलं मी बघते."

त्यानंतर सतरा महिने मी गाईकडे बघितलं. सकाळी साडेसातला ती यायची, संध्याकाळी पुन्हा. आईला धुवायची, कूस बदलायची, केस विंचरायची, आणि दोघी जणी कुणाच्या तरी लग्नाबद्दल काहीतरी चावट बोलून हसायच्या. ते हसू मला गोठ्यात ऐकू यायचं. शेवटचे तीन महिने आले तेव्हा मी रुग्णालयात रजेचा अर्ज केला. आईच्या शुश्रूषेसाठी भरपगारी रजा, त्यात एक ओळ लिहायची असते, ती मी लिहिली: घरात आईचं करायला दुसरं कोणी नाही. खाली सही. लॉफ्टसबाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, डोळे पुसत मंजुरी दिली.

त्या तीन महिन्यांत मी काय केलं? पीट कापून वाळत घातला. गोठ्यावर नवे पत्रे टाकले. मुलांच्या फुटबॉल संघाला सराव दिला आणि आम्ही जिल्ह्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलो. आई गेली ती एका दुपारी, मी मैदानावर असताना. घरी पोचलो तेव्हा डीलियाने तिला आंघोळ घालून मयताचा तपकिरी झगा घातला होता, हातात जपमाळ गुंफली होती, आमच्या रीतीप्रमाणे भिंतीवरचं घड्याळ थांबवलं होतं. जीव बाहेर जायला खिडकी उघडी होती. "शांतपणे गेल्या," ती म्हणाली. "तुझंच नाव काढलं." खरं होतं की माझ्यासाठी म्हणाली, मी विचारलं नाही. मयताला आलेला प्रत्येक जण माझा हात धरून म्हणाला, "आईचं केलंस हो." मी मान हलवत राहिलो.

ते रजेचे तीन महिने नोकरीत धरले गेले. जानेवारीत माझी पायरी वेळेवर चढली.

तीन वर्षांनी डीलियाची पोरं मोठी झाली, सासू गेली, आणि रुग्णालयाला नर्स मिळेनात. सहा आठवड्यांचं उजळणीचं प्रशिक्षण करून ती परत आली. त्रेचाळीस वर्षांची. पायरी ठरवण्याचा फॉर्म घेऊन ती माझ्या खिडकीशी उभी राहिली, नव्या पांढऱ्या गणवेशात, घड्या न मोडलेल्या.

नियम मला पाठ होता. नोकरीतला खंड पाच वर्षांपर्यंत असेल तर जुनी वर्षं शाबूत. त्याच्यावर गेला की सगळं पुसलं, पहिल्या पायरीपासून सुरुवात. पण त्याखाली आणखी एक कलम होतं: खंडात रुग्णसेवा केली असेल, पगारी असो की बिनपगारी, तर तेवढा काळ खंडातून वजा. ज्यांच्याकडे केली त्यांनी तसं लिहून सही दिली की झालं. आठवा प्रश्न त्यासाठीच होता: खंडाच्या काळात काय केले?

"आठवा रिकामा ठेवू का रे?" डीलियाने पेन थांबवून विचारलं.

माझ्या पाठीमागे, चार हातांवर, लोखंडी कपाटात माझा रजेचा अर्ज होता. घरात दुसरं कोणी नाही. डीलियाने आठव्या प्रश्नात खरं लिहिलं तर सही कोणाची लागेल? सतरा महिने, दिवसातून दोनदा, म्हणजे सगळ्यात मोठी सही माझीच. आणि तीन महिन्यांवर माझी बढतीची मुलाखत होती.

"रिकामा नको," मी म्हणालो. "कुठे होतात तुम्ही?"

"घरीच की."

"मग तसं लिहा."

तिने माझ्याकडे बघितलं. फार नाही, चहा पुरेसा लाल झाला की नाही हे बघायला लागतं तेवढंच. "लिहू ना?"

"लिहा."

तिने लिहिलं: घरी होते. अक्षर सुरेख होतं तिचं.

पगार किती हे आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही, म्हणून दोन-तीन महिने काही झालं नाही. पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या वाट्याला जे येतं ते तिच्या वाट्याला आलं. वॉर्डाची मुख्य सिस्टर नसली की वॉर्ड कुणाच्या ताब्यात, ते पायरीवर ठरायचं. तेव्हा दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली गॉनांची नात, जिला डीलियाने लहानपणी लस टोचली होती, ती डीलियाला सांगायची, "मिसेस किलकॉइन, त्या चार नंबरचं बेडपॅन तेवढं बघता का?" पोर बिचारी सांगताना लाल व्हायची. डीलिया म्हणायची, "बघते की," आणि जायची. हे मला उपाहारगृहात कळलं. समोरचं बटाट्याचं सूप मी तसंच ठेवलं.

एकदाच ती खिडकीशी आली. "फिंटन, पहिलीच पायरी बरोबर आहे ना रे? मला त्यातलं कळत नाही. मार्टिन म्हणाला विचारून बघ."

"नियमच तसा आहे, डीलिया. आठ वर्षं म्हणजे फार झाली."

"हो ना. फारच झाली." आणि वर मलाच म्हणाली, "उगाच तुझा वेळ घेतला."

तिने तक्रार केली नाही. पण मार्टिनने केली, गुरांच्या बाजारात, पाऊस चुकवायला पत्र्याखाली उभा असताना, आणि ती नेमकी टॉम मुलार्कीच्या कानावर गेली. टॉम डोंगराच्या पायथ्याला राहणारा एकटा म्हातारा. डावा पाय गुडघ्याखाली सडला होता. सरकारी नर्सला त्याने कुत्रं सोडून पळवून लावलं होतं. नोकरीवर परतण्याआधीची दोन वर्षं डीलिया एक दिवसाआड जाऊन तो पाय धुवायची.

गुरुवारी सकाळी अकराला टॉम आमच्या कचेरीत आला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चिखल. खिडकीशी थांबायचं सोडून तो लाकडी फळी उचलून आतच आला, माझ्या टेबलाजवळची खुर्ची ओढली, बूट काढला आणि पाय माझ्या कागदांवर ठेवला.

"वाच," टॉम म्हणाला.

"मिस्टर मुलार्की, हे काय?"

"पट्टी सोडतो, मग वाच. लिहिता-वाचता येतं ना तुला? तिने काय केलं ते त्याच्यावर लिहिलंय."

लॉफ्टसबाई आपल्या खोलीतून आल्या. "पाय खाली घ्या आधी! इथे माणसं पगाराची कामं घेऊन येतात."

"मीपण पगाराचंच काम घेऊन आलोय, बाई. डॉक्टर हा पाय कापणार होते. कापला असता तर आज टेबलावर ठेवायला काय आणलं असतं मी?"

खिडकीपलीकडे चार-पाच जण जमले होते, त्यांच्यात हशा पिकला. कुणीतरी वॉर्डात जाऊन डीलियाला बोलावून आणलं. ती दारातच थांबली, मानेपर्यंत लाल. "टॉम मुलार्की, तुला काही लाजलज्जा? चारचौघांत पाय काढून बसलास!"

"लाज त्यांना वाटू दे," टॉम म्हणाला. तो लॉफ्टसबाईंकडे बघत होता, पण लागलं मला.

लॉफ्टसबाई कडक होत्या, पण बाई सरळ. कागद असेल तर त्या कोणालाही काहीही देतील, नसेल तर पोपालाही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः टंकयंत्रावर बसल्या, टॉमच्या तोंडून चार ओळी टाइप केल्या आणि टॉमने जीभ बाहेर काढून सही केली. मग त्यांनी बोटांवर मोजलं.

"आठातून दोन गेली, उरली सहा. मर्यादा पाचची. मिसेस किलकॉइन, आणखी एका वर्षाचा कागद पाहिजे. फक्त एक. मिळाला की आजच्या आज अकरावी पायरी. दुसरीकडे कुठे जात होतात का तुम्ही?"

डीलियाने गणवेशाच्या खिशात हात घातले. "जात होते, बाई. पण बहुतेक जण आता आहेत कुठे? आणि गेलेल्यांच्या घरी जाऊन काय म्हणू? तुमच्या आईला धुतलं, त्याची पावती द्या?"

लॉफ्टसबाई माझ्याकडे वळल्या. "फिंटन, तू त्यांच्याच गावचा. तुला माहीत असेल. ही कोणाकडे जायची?"

सगळं तिथेच होतं. एक वाक्य, फार तर चार शब्दांचं. कपाट माझ्या पाठीशी होतं आणि मला ते उघडं असल्यासारखं वाटत होतं.

"मला... नक्की नाही सांगता येणार," मी म्हणालो.

टॉमने पट्टी गुंडाळायची थांबवली. तो माझ्या आईच्या मयताला आला होता. रात्रभर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"टॉम, मोजा घाल," डीलिया पटकन म्हणाली. "पायाला गार लागेल." तिने खाली बसून त्याच्या पायात मोजा चढवला, चांगला वरपर्यंत, आणि त्याचा गुडघा दाबून धरला. मग लॉफ्टसबाईंना म्हणाली, "त्याला कसं माहीत असणार, बाई? त्याची आई आजारी होती त्या दिवसांत. तिचं सगळं त्यानेच केलं. तो बाहेर पडत होता कुठे?"

"हो, हो," लॉफ्टसबाई म्हणाल्या. "मला आठवतं ना. मीच मंजूर केली होती ती रजा." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "गुणी मुलगा आहे आमचा."

टॉम उठला. जाताना तो माझ्या टेबलाजवळ थांबला, मला वाटलं थुंकेल. त्याने फक्त बुटाचा चिखल माझ्या खुर्चीच्या पायाला पुसला. डीलिया त्याच्या दंडाला धरून बाहेर निघाली, दारातून मागे वळून म्हणाली, "फिंटन, रविवारी चर्चमध्ये आईच्या पुण्यतिथीची मिसा आहे ना? फुलं मी आणते, तू धावपळ करू नकोस." मी फॉर्म पुढे ओढला. पहिली पायरी कायम, असा शिक्का मारला. तारीख टाकली.

दोन रात्री मी जेवलो नाही की झोपलो नाही. शनिवारी बसून पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. सतरा महिने, दिवसातून दोनदा, पिशवी, गोठा, फुटबॉल, घड्याळ, खिडकी. रजेच्या अर्जात मी खोटं लिहिलं तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि सही. तीन पानं झाली. हे पत्र सोमवारी लॉफ्टसबाईंच्या टेबलावर ठेवायला मला माझ्या खुर्चीपासून सहा पावलं पडली असती.

मी ते तिथे ठेवलं नाही. रविवारी मिसा चालू असताना, माझ्या स्वतःच्या आईची मिसा, मी मधेच बाहेर आलो आणि ते पाकीट डीलियाच्या गाडीत ठेवलं. पुढच्या सीटवर. गावाने जशी अंडी ठेवली, कोबी ठेवला, तसं. आत जाऊन बसलो तेव्हा वाटलं, सुटलो, आता तिने ठरवावं. वेदीवर तिने आणलेली पिवळी फुलं होती.

सोमवारी दुपारी ती खिडकीशी आली. आसपास कुणी नव्हतं. डोळे सुजलेले होते.

"वाचलं," ती म्हणाली. "फार छान लिहिलंयस रे. आईबद्दल तू कधी बोलला नाहीस इतका. मला वाटायचं, तुला काही दिसतच नव्हतं. तुला खिडकीपर्यंत आठवतंय सगळं."

"डीलिया, ते लॉफ्टसबाईंना—"

"छे! तसले कागद दाखवायचे असतात का कुणाला? तुझी मुलाखत आहे ना या आठवड्यात?" तिने खिशावर हात ठेवला, पत्र तिथेच होतं. "हे माझ्याजवळ असू दे. मला असं कुणी लिहिलं नव्हतं कधी. ठेवू ना मी?"

तिने विचारलं, आणि ती उत्तराची वाट बघत थांबली होती. नाही म्हणता आलं असतं. ते पत्र परत मागून घेता आलं असतं, तिला नको असलं तरी सहा पावलं चालता आली असती.

"ठेवा," मी म्हणालो.

मला बढती मिळाली. डीलियाने पुढे दहा वर्षं काम केलं आणि दर जानेवारीला तिची पायरी मीच चढवत गेलो, दुसरी, तिसरी, चौथी. जिथून ती उतरली होती त्या अकराव्या पायरीवर ती पोचली त्याच वर्षी रोगी उचलताना तिची कंबर गेली आणि तिला घरी बसावं लागलं. या खेपेला खरोखरच घरी. मी अधूनमधून जातो, ती किटली ठेवायला सांगते.

पण मला लाज वाटते ती त्या शिक्क्याची नाही, लॉफ्टसबाईंपुढच्या त्या वाक्याचीसुद्धा तेवढी नाही. त्या सोमवारी ती पत्र खिशात घालून वॉर्डाकडे वळली, आणि तिची पाठ दिसताच मला हायसं वाटलं. भूक लागली. मी खाली उपाहारगृहात गेलो आणि पोटभर जेवलो.